नऊशे फुटांवर शहाबादी लागली? उमरगा तालुक्यातल्या एका बोअरचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्यात उमरगा तालुक्यातल्या एका गावात बोअर चालू होतं. साडेआठशे फुटांपर्यंत सगळं नेहमीचंच. काळा चुरा, मधे लाल पट्टा, पुन्हा काळा चुरा, आणि पाण्याचा पत्ता नाही. नऊशे फूट ओलांडल्यावर मात्र काळ्यात पांढरे तुकडे यायला लागले. गाडीवरच्या एका पोराने संडास धुवायचं ॲसिड त्यावर टाकून बघितलं, तर फस्सकन फेस आला. 'शाबादी लागली' ही बातमी तासाभरात पारावर पोचली. एजंटाचं गणित सरळ होतं: शहाबादी म्हणजे चुन्याचा दगड, चुन्याच्या दगडात पोकळ्या, पोकळ्यांत पाणी. अजून दोनशे फूट मारू, काम फत्ते.

शेतमालक आप्पांचा पुतण्या आमच्याकडे भूशास्त्र शिकून गेलेला. दुपारी त्याचा फोन आला. "सर, गाडी थांबवून ठेवलीय. खोल जाईल तसा फुटाचा दर वाढतोय. काका म्हणतेत मारायचं, काकू म्हणतेत बास झालं. तुम्ही येऊन एकदा बघता का?"

गावात सगळे एकच प्रश्न विचारत होते, पण त्यात खरं तर दोन प्रश्न होते. आलेला पांढरा चुरा शहाबादीचा आहे का, हा पहिला. त्याचा निकाल अर्ध्या तासात लागला. या भागात लाव्हाच्या थरांखाली शहाबादीचा चुनखडक असू शकतो का, आणि असेल तर कुठपर्यंत, हा दुसरा. तो सुटायला बराच अवघड आहे आणि या टिपणाचा खरा विषय तोच आहे.

दोन कप

मराठवाड्यात जमिनीत जिकडे तिकडे काळा पाषाण, म्हणजे लाव्हा थंडावून झालेला बेसाल्ट. घरात मात्र खाली शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, म्हणजे दोन्ही चुनखडकच. एक आला कर्नाटकातल्या भीमेच्या खोऱ्यातून, दुसरा आंध्रातून. त्यामुळे शहाबादीचा नमुना शोधायला कुठे जावं लागलं नाही. आप्पांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या फुटक्या फरशीचा कोपरा हातोडीने उडवला आणि कुटून घेतला. बोअरचा पांढरा चुरा चहाच्या गाळणीत धुतला. काचेच्या दोन कपांत दोन्ही चुरे सारख्याच मापाने घालून त्यांवर तेच ॲसिड पाणी मिसळून टाकलं.

फेस दोन्हींत आला. पण फेस ओसरल्यावर बोअरच्या कपात नितळ पाणी राहिलं. फरशीच्या कपात तळाला करडा गाळ बसला. शहाबादी हा समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा चिखल आहे. त्यात थोडी माती मिसळलेली असतेच, आणि ती ॲसिडात विरघळत नाही. बोअरमधला पांढरा तुकडा म्हणजे नुसता कॅल्साइटचा स्फटिक. भिंगाखाली त्याच्या सपाट बाजू तिरक्या चौकोनासारख्या चमकत होत्या. शेजारच्या काळ्या तुकड्यांवर हिरवट मातीचा पातळ लेप होता, आणि मोत्यासारखी झाक असलेल्या काही पापुद्र्यांवर ॲसिड पडून काहीच झालं नाही. ते झिओलाइट, बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारं एक खनिज. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, आणि पुढे झिरपणारं गरम पाणी बेसाल्टमधलाच चुना काढून त्या पोकळ्यांत भरतं. डेक्कन ट्रॅपमध्ये, म्हणजे दख्खनच्या या लाव्हाच्या थरांत, हे सर्रास सापडतं. पांढऱ्या पट्ट्याखालचा चुराही पुतण्याने पिशवीत भरून ठेवला होता. तो पुन्हा काळाच होता.

ॲसिडने फसवणारे आणखी दोन प्रकार या भागात आहेत. काळ्या रानात वरच्या वरच चुनखडीचे गोटे असतात. केसिंग नीट बसलं नाही तर ते वरून घसरतात आणि खालच्या चुऱ्यात मिसळतात. दुसरा प्रकार म्हणजे लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेला गोड्या पाण्याचा चुनखडक. कर्नाटकात गुरमटकलजवळ तो चांगला दिसतो, त्यात गोगलगायींचे शंख असतात. शहाबादीत शंख शोधत बसलात तर जन्म जाईल. तो दगड झाला तेव्हा शंखवाला प्राणीच पृथ्वीवर नव्हता.

मग खाली तरी आहे का?

हा प्रश्न आप्पांनी विचारला, आणि तो रास्त होता. उमरग्याहून शहाबाद सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर. तिथे खाणीत उघडा पडलेला दगड उत्तरेकडे येताना लाव्हाखाली शिरतो, हे नकाशावर स्पष्ट दिसतं. शिरल्यावर तो कुठपर्यंत येतो?

नकाशा बघणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते. नकाशावर चुनखडकाचा रंग जिथे संपतो तिथेच त्या प्राचीन समुद्राची कड होती, असं तो धरून चालतो. कलबुर्गीच्या आसपास चुनखडक संपत नाही. तिथे लाव्हाचं पांघरूण सुरू होतं, एवढंच ती रेषा सांगते. उथळ समुद्रात चुना साचून जे पसरट पठार तयार होतं त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. त्याची खरी कड शोधायची असेल तर आधी प्लॅटफॉर्म कसा वाढतो आणि त्याच्या कडेला काय घडतं, ते बघावं लागतं.

वाळू नदी आणते, पण चुना जागेवरच तयार होतो. उथळ, उबदार, उजेडाच्या पाण्यात जीव किंवा खुद्द पाण्याचं रसायन चुना बाहेर टाकतं. सगळ्यात जास्त काम वरच्या दहा-वीस मीटरांत होतं. मातीचं गढूळ पाणी आलं की हा कारखाना मंदावतो. म्हणून बहुतेक प्राचीन प्लॅटफॉर्मची सुरुवात एकाच पद्धतीने होते. समुद्र जुन्या, झिजलेल्या जमिनीवर हळूहळू चढतो. आधी किनाऱ्याचे गोटे आणि वाळू, मग चिखल, आणि किनारा पुरेसा मागे हटून पाणी निवळलं की चुना. भीमा खोऱ्यात हाच क्रम दिसतो. तळाला ग्रॅनाइट आणि नाइस हे प्राचीन स्फटिकी खडक, त्यावर रबनपल्लीचे गोटे, वाळूचा खडक आणि शेल (चिखलाचा दगड), आणि त्यावर शहाबादी.

एकदा चुन्याचं काम जोरात सुरू झालं की प्लॅटफॉर्मला मागे सारणं सोपं नसतं. गेल्या दहा हजार वर्षांत उथळ उष्ण समुद्रांत हजार वर्षाला मीटरभर चुना साचल्याची उदाहरणं आहेत. समुद्राचा तळ मात्र बहुतेक ठिकाणी हजार वर्षाला काही सेंटिमीटर खचतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे प्लॅटफॉर्म वरच्या अंगाने पाण्याच्या पातळीपर्यंत भरून येतो आणि त्यानंतर वाढायला त्याला आडवीच दिशा उरते. जास्तीचा चिखल आणि वाळू कडेवरून खोल पाण्यात जाते, उतारावर साचते, आणि कड पुढे सरकते. बहामा बेटांजवळच्या मोठ्या 'बँके'खालच्या, म्हणजे उथळ समुद्रातल्या चुन्याच्या पठाराखालच्या, थरांचं भूकंपलहरींनी चित्र काढलं तेव्हा दिसलं की आजची अखंड बँक एकेकाळी वेगवेगळ्या लहान बँकांची होती. मधल्या खोल सामुद्रधुन्या चुन्यानेच बुजल्या, आणि पश्चिमेची कड सुमारे २५ किलोमीटर पुढे आली. तिथे खालपर्यंत चार किलोमीटरहून जाड चुना आहे, आणि त्याचा मोठा भाग उथळ पाण्यातला आहे. तळ खचत गेला, चुना भरत गेला.

एवढा वेग हाताशी असताना प्लॅटफॉर्म बुडतात कसे, हा प्रश्न भूशास्त्रज्ञ वोल्फगांग श्लागर यांनी १९८१ मध्ये स्पष्टपणे मांडला, आणि त्यावर आजही वाद झडतात. नुसत्या पाण्याच्या चढण्याने निरोगी प्लॅटफॉर्म बुडू नये. त्याच्या जोडीला काहीतरी घडावं लागतं. पाणी थंड होणं, खतासारखी पोषकद्रव्यं वाढणं, किनाऱ्याकडून मातीचा लोंढा येणं, किंवा चुना करणाऱ्या जिवांवरच संक्रांत येणं. उलट समुद्र खाली गेला तर प्लॅटफॉर्म मरत नाही, फक्त उघडा पडतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा बहामाची बँक समुद्रातलं कोरडं पठार होती. पावसाने तिच्यात गुहा पडल्या, आणि समुद्र परत आल्यावर त्याच गुहा निळ्या विवरांच्या रूपाने उरल्या. एजंटाच्या 'पोकळ्यांत पाणी'मागचं विज्ञान हेच आहे. म्हणून त्याला मी वेड्यात काढत नाही.

आता कड. जिथे लाटा फुटतात तिथे चुना करणारे जीव सगळ्यात जोमाने वाढतात आणि एक भिंत उभी राहते. भिंतीमागे शांत उथळ पाणी आणि बारीक चिखल, पुढे थेट उतार. उतार किती तीव्र, हे पडणाऱ्या मालावर ठरतं. रस्त्याच्या कडेला टाकलेला खडीचा ढीग उभा राहतो आणि चिखलाचा ढीग पसरतो, तसंच इथेही. तुटलेल्या भिंतीच्या दगडांचा उतार तीस-पस्तीस अंशांपर्यंत टिकतो, चिखलाचा उतार काही अंशांवरच लोळण घेतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला कॅनिंग खोऱ्यात विंजाना घळीत डेव्होनियन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातली अशी कड नदीने चिरून ठेवली आहे. भिंत, मागचं सपाट पाणी आणि पुढचा उतार एकाच कड्यावर बोटाने दाखवता येतात. टेक्सासमधल्या ग्वादालुपे डोंगरातली, त्यानंतरच्या पर्मियन काळातली कडही तशीच. सगळ्या प्लॅटफॉर्मना अशी भिंत नसते. कित्येकांचा तळ किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत इतक्या सौम्य उताराने जातो की कड अशी कुठे जाणवतच नाही.

'पण त्या वेळी पोवळी कुठं होती सर?' ही शंका पुतण्याने काढली, आणि बरोबर काढली. शहाबादीच्या वयावर एकमत नाही. शंभर कोटी वर्षांच्या अलीकडचं की पलीकडचं, हा वाद आहे. पण प्राण्यांच्या आधीचं, एवढं नक्की. त्या समुद्रांत चुन्याची भिंत घालायचं काम सूक्ष्मजीव करत. त्यांचे थरावर थर म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट. दक्षिण आफ्रिकेतला कॅम्पबेलरँडचा प्लॅटफॉर्म अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे आणि कॅनडातला रॉकनेस्टचा जवळपास एकशे नव्वद कोटींचा. दोन्हींना स्ट्रोमॅटोलाइटची खरीखुरी कड आहे. तेव्हा पोवळं नव्हतं म्हणून कड नव्हती, असं म्हणता येत नाही.

फरशीत काय दिसतं

शहाबादी फरशी आपण रोज पुसतो, पण बघत नाही. ओली केली की तिच्यात काळपट, दातेरी रेघा दिसतात, ईसीजीच्या कागदावरच्या असाव्यात तशा. दगडावर भार आला की त्यातला चुना त्या रेघेवर विरघळून निघून जातो, आणि न विरघळणारी माती काळ्या शिवणीसारखी मागे उरते. त्यांना स्टायलोलाइट म्हणतात. अशा रेघा सांगतात की या दगडावर कधीतरी बराच भार होता. तो गाळाचा होता की नंतर आलेल्या लाव्हाचा, हे मात्र नुसत्या रेघेवरून कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही फरशी निघतेच कशी. दगड पातळ, सारख्या थरांत सुटतो, कारण चुन्याच्या चिखलाच्या थरांमध्ये मातीचे पातळ पापुद्रे आहेत. कण इतके बारीक की भिंगातही वेगळे दिसत नाहीत. रंग निळसर करडा, कुठे गुलाबी, कुठे पिवळट. भीमा खोरं नैर्ऋत्य-ईशान्य असं सुमारे १६० किलोमीटर लांब, उघडं क्षेत्र पाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि गाळाची एकूण जाडी साधारण ३०० मीटर. एवढ्या पसाऱ्यात शहाबाद, वाडी, चित्तापूर ते तेलंगणातलं तांदूर, दगडाची जात बदलत नाही. फरशीवाले शहाबादी आणि तांदूर वेगळे विकतात, पण समुद्र एकच. हा प्लॅटफॉर्मचा आतला भाग झाला. उथळ, शांत, भरती-ओहोटीच्या सपाटीपासून थोड्या खोल पाण्यापर्यंतचा. भिंत कोसळून झालेला दगडांचा ढिगारा नाही, उतारावर घसरून गुंडाळलेले थर नाहीत. लाव्हाच्या कडेजवळच्या खाणींतही फरशीच निघते.

मग खरी कड दिसते तरी कशी? त्यासाठी मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. किनवटपासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत, पैनगंगेपलीकडे आदिलाबाद आहे. तिथल्या पैनगंगा गटाच्या खडकांत तळाला उथळ पाण्यातला वाळूचा खडक आहे आणि त्यावर चांदा चुनखडक. हा चुनखडकही बारीक कणांचाच. लांबून बघणाऱ्याला तो शहाबादीचा भाऊ वाटेल. पण त्यात लाटांच्या, ओहोटीच्या खुणा मिळत नाहीत. मिळतात ते चुनखडकाच्याच तुकड्यांचे जाड थर, वेडेवाकडे, चिखलात रुतलेले, म्हणजे उतारावरून लोंढ्याने आलेला माल. सोबत चर्ट (गारगोटीसारखा कठीण दगड) आणि मँगनीजच्या पातळ पट्ट्या, ज्यांच्यासाठी आदिलाबादचं नाव भूशास्त्रात घेतलं जातं. तळ खचत गेला, पाणी खोल होत गेलं, आणि चुना उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी साचला, असं हे थर वाचणाऱ्यांचं मत आहे. भीमा आणि पैनगंगा ही दोन वेगळी खोरी आहेत. त्यांचा समुद्र एकच होता असं मी सुचवत नाही. पण उतारावरचा चुनखडक कसा दिसतो हे कळण्यासाठी आदिलाबाद पाहिल्याशिवाय शहाबादच्या कडेबद्दल बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडच्या सहली मात्र वेरूळ, अजिंठा आणि लोणारवर संपतात.

किल्लारीचं बोअर

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती, तेव्हा ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. उमरग्याच्या या गावात त्याची आठवण नाही असं घर नाही. आप्पांचीही नाती सास्तूरकडची. त्यानंतर भूकंपाचं कारण शोधायला किल्लारीत खोल बोअर घेतलं गेलं. एकूण खोली ६१७ मीटर. त्यात ३३८ मीटर लाव्हा निघाला, म्हणजे अकराशे फुटांच्या थोडं वर. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली थेट प्राचीन स्फटिकी खडक. शहाबादी नाही.

आप्पांच्या बोअरपासून किल्लारी पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, कलबुर्गी साठेक किलोमीटरवर. एका बाजूला चुनखडक नक्की नाही, दुसऱ्या बाजूला नक्की आहे. मधे कुठेतरी तो संपतो. कसा संपतो यावर सगळं अवलंबून आहे.

समुद्र किल्लारीपर्यंत पोचलाच नसेल, तर उत्तरेकडे येताना शहाबादीत वाळू वाढत गेली पाहिजे, थर पातळ होत गेले पाहिजेत. तसा कल उघड्या भागात लाव्हाच्या कडेशी ठळकपणे दिसत नाही. किल्लारीच्या बाजूला खोल पाणी असेल, तर आदिलाबादसारखा ढिगारा दिसायला हवा. तोही नाही. उरतात दोन शक्यता. एक म्हणजे समुद्र आणि चुना दोन्ही इथपर्यंत किंवा याच्याही पुढे होते, पण नंतर ते झिजून गेले. शहाबादी बनण्यापासून ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा येईपर्यंत कित्येक कोटी वर्षं ही जमीन उघडी होती. तेवढ्या काळात ३०० मीटर दगड जाणं ही मामुली गोष्ट आहे. दुसरी शक्यता म्हणजे जमिनीचे तुकडे भ्रंशांवर, म्हणजे खडकातल्या मोठ्या चिरांवर, वरखाली झाले. खाली गेलेल्या तुकड्यावर चुनखडक वाचला, वर आलेल्यावरून धुऊन गेला. भीमा खोऱ्याच्या दक्षिणेला गोगीजवळ असा भ्रंश आहेच. तिथे चुनखडक चुरडला गेला आहे आणि त्या चुरड्यात युरेनियम सापडलं आहे. दोन्ही शक्यता एकत्रही असू शकतात, किंबहुना बहुधा तशाच असतात.

किल्लारीच्या तळाचे खडक या बाबतीत बोलके आहेत. ते कित्येक किलोमीटर खोलीवर, मोठ्या तापमानात आणि दाबात तयार होणाऱ्या जातीचे आहेत. लाव्हा आला तेव्हा ते जवळपास पृष्ठभागावर होते. म्हणजे त्यांच्यावरचं अफाट काहीतरी आधीच निघून गेलं होतं. हे निघून जाणं भीमेच्या समुद्राआधीचं की नंतरचं, हे ते बोअर स्वतः सांगत नाही. समुद्राआधीचं असेल तर किल्लारीची जमीन त्या समुद्रातलं बेट किंवा किनारा असू शकते. नंतरचं असेल तर चुनखडकही त्याच झिजेत गेला.

माझा कौल झिजेच्या बाजूने आहे, भ्रंशाची साथ धरून. शहाबादी लाव्हाखाली शिरताना कसलाही बदल दाखवत नाही. कडेजवळ आलेला प्लॅटफॉर्म असा बेफिकीर नसतो. म्हणजे किल्लारी आणि कलबुर्गीच्या मधे कुठेतरी जी कड आहे ती त्या समुद्राची नाही. ती उरलेल्या दगडाची कड आहे, आणि समुद्राची कड कुठे होती हे तिच्यावरून काढता येत नाही. इथून दूर पश्चिमेला कोयनेच्या खोल बोअरमध्येही लाव्हाखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइसच लागले. तिथल्यापुरतं तरी चित्र किल्लारीशी जुळतं.

गाडी

एवढं सगळं ओसरीवर कागद पसरून सांगून झालं. एजंट उठला नाही. शेवटपर्यंत ऐकत बसला, आणि मग त्याने खरा मुद्दा काढला. "सर, म्हणजे असू पण शकतंय ना?"

असू शकतं. उमरगा लाव्हाच्या कडेला किल्लारीपेक्षा जवळ आहे. इथे लाव्हा ३३८ मीटरपेक्षा पातळ असू शकतो, आणि नऊशे-हजार फुटांवर तळ लागूही शकतो. तळाला झिजेतून वाचलेला चुनखडकाचा तुकडा असूही शकतो. पण तेवढ्याने पाणी येत नाही. शहाबादी मुळात दाट. पाणी राहील ते थरांच्या फटींत, भेगांत, किंवा लाव्हा येण्याआधी पावसाने पाडलेल्या जुन्या पोकळ्यांत. त्या पोकळ्या लाव्हाखाली गेल्यानंतर पुन्हा भरायच्या तर वरून हजार फूट बेसाल्टमधून पाणी झिरपायला हवं, आणि वरच्या नऊशे फुटांत पाणी नाही म्हणूनच तर हे बोअर चालू होतं. एजंटाच्या साखळीतली एकेक कडी शक्य होती. सगळ्या एकाच वेळी जुळण्यावर कर्ज काढून पैसे लावणं मला पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. काकूंनी आधीच सांगितलं होतं, पण त्यांना भूशास्त्राचा आधार नव्हता म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. गाडी संध्याकाळी निघाली. बोअर कोरडंच राहिलं. आप्पांनी पुढे जुन्या विहिरीतला गाळ काढून घेतला, आणि त्यावर घरची जनावरं आणि थोडी भाजी निघते.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र हाताशी येऊन निसटते आहे. उमरगा, आळंद, निलंगा या पट्ट्यात हजार फुटांच्या आसपास जाणारी बोअर आता नवलाई राहिलेली नाहीत. त्यांतल्या एखाद्याने तळ गाठला असेल तर त्या तळाचा चुरा शेतातच धुऊन जातो. पन्नास-साठ फूट सलग करडा, मळकट, ॲसिडात गाळ सोडणारा चुरा आला तर भीमेचा चुनखडक तिथपर्यंत आहे. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखा क्वार्ट्झ आणि चमकणारा अभ्रक आला तर नाही. काळ्याचा रंग बदलला की दर दहा फुटांचा मूठभर चुरा वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर खोली, एवढंच लागतं. एजंटाला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "पिशव्या कोण देणार?" पुतण्याने दूध डेअरीच्या रिकाम्या पिशव्या गोळा करून त्याच्या गाडीत टाकल्या. त्यातली पहिली भरून आली ती निलंग्याच्या बाजूने, सातशे फुटांवरून. कॅल्साइट आणि झिओलाइट. पण पिशवीवर खोली बरोबर लिहिलेली होती.